केसपेपरवरचा ‘निवृत्त’: एका खाणकामगाराचा नाशिकमधला भरपाईचा दावा

(ओळख पटू नये म्हणून व्यक्ती, खाण आणि दवाखाने यांची नावं दिलेली नाहीत, काही किरकोळ तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

अण्णा मूळचे सिन्नर तालुक्यातले. १९८३ साली मामाच्या ओळखीने ते वर्धा खोऱ्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत लागले आणि ३० जून २०१७ रोजी वयाची साठ वर्षं पूर्ण करून तिथूनच निवृत्त झाले. सुरुवातीची नऊ-दहा वर्षं टब, म्हणजे कोळशाच्या लहान गाड्या, भरण्यात गेली. मग काही वर्षं ते टिंबरमन होते, म्हणजे छताला लाकडी टेकू देण्याचं काम. शेवटची साधारण वीस वर्षं त्यांनी रूफ बोल्टिंगच्या टोळीत काढली.

हे शेवटचं काम नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं प्रकरण कळत नाही. कोळसा काढून मोकळी झालेली गल्ली खचू नये म्हणून छताच्या खडकात दीड-दोन मीटर खोल भोकं पाडतात आणि सिमेंटच्या कॅप्सूल भरून त्यात लोखंडी सळ्या ठोकतात. छताचा खडक बहुतेक ठिकाणी वालुकाश्म असतो, म्हणजे त्यात मोकळी सिलिका (वाळूतलं मुख्य खनिज) भरपूर. नियमाप्रमाणे भोक पाडताना ड्रिलमधून पाणी सोडायचं असतं. पण भोक डोक्यावर पाडायचं, त्यामुळे ते गढूळ पाणी थेट तोंडावर येतं, बाहीतून आत शिरून काखेपर्यंत जातं. आठ तास ओल्या अंगाने कोण काम करणार? टोळीतला कुणीतरी पाण्याची नळी बंद करायचा. वीस वर्षं अण्णांच्या छातीत गेलेली धूळ अशी होती: काळी कमी, पांढुरकी जास्त.

निवृत्तीनंतर ते नाशिकला सिडकोत मुलाकडे राहायला आले. मुलगा अंबडच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो.

अडचण

नाशिककरांना कोळसा दिसतो तो एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राकडे जाणाऱ्या वॅगनींमध्ये. इथल्या डॉक्टरांकडे अंबड-सातपूरच्या फाउंड्रीतले कामगार येतात, द्राक्षबागेत फवारणी करणारे येतात. खाणीत चौतीस वर्षं काढलेला माणूस क्वचितच येतो. त्यातून अण्णांच्या पहिल्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द होता: ‘निवृत्त’. कशातून निवृत्त, हे पुढचं सव्वा वर्ष कुणी विचारलं नाही आणि अण्णांनीही सांगितलं नाही. खोकला हा त्यांच्या लेखी खाणीतल्या प्रत्येकाला असतोच.

१४ नोव्हेंबर २०१८ रोजी, दोन जिने चढताना तीनदा थांबावं लागतं या तक्रारीवरून, पहिला एक्स-रे निघाला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक डाग होते. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी डाग वरच्या भागात आणि वजन उतरलेलं, म्हणून टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स सुरू झाला. मे २०१९ मध्ये तो संपला, डाग जसेच्या तसे. ऑगस्टमध्ये पुन्हा टीबीच्याच गोळ्या सुरू झाल्या; त्या दोन महिन्यांनी यकृताला त्रास झाला म्हणून बंद केल्या.

डॉक्टरांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. सिलिकोसिसमध्ये, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारात, डाग वरच्या भागातच येतात, आणि सिलिका साठलेल्या फुप्फुसाला टीबी लवकर जडतो, त्यामुळे टीबीचा संशय रास्तच असतो. चूक पुढे झाली. थुंकीची तपासणी निगेटिव्ह, औषधाला प्रतिसाद नाही, एक्स-रेत बदल नाही. एवढं जमल्यावर ‘आधी काय काम करत होता?’ हा प्रश्न यायलाच हवा होता.

निदान

फेब्रुवारी २०२० मध्ये छातीच्या दुसऱ्या तज्ज्ञांनी एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन, करायला सांगितला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात २८ मिलिमीटरची गाठ दिसली. घरात कर्करोग हा शब्द उच्चारला गेला आणि दोन दिवसांत बायोप्सी ठरली. सुईसाठी सही घेताना तिथल्या निवासी डॉक्टरने सहज विचारलं, ‘बाबा, काम काय करायचात?’ अण्णांनी खाणीचं नाव सांगितलं. त्या दिवसापासून दिशा बदलली.

बायोप्सीत कर्करोग नव्हता, टीबीच्या गाठीही नव्हत्या. होता तो काळा रंगकण आणि घट्ट तंतुमय ऊती. जुना एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाण चित्रांशेजारी ठेवून वाचला, तेव्हा बारीक डागांची दाटी २/२ निघाली आणि मोठ्या डागाची नोंद ‘ए’ गटात झाली. (या पद्धतीत दाटी ०/- पासून ३/+ पर्यंत बारा पायऱ्यांत मोजतात, दहा मिलिमीटरहून मोठा डाग वेगळा नोंदवतात आणि अशा डागांची एकूण लांबी पन्नास मिलिमीटरपर्यंत असेल तर तो ‘ए’.) स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून घेतलेल्या श्वासाच्या चाचणीत, एफव्हीसी (जोराने सोडलेली एकूण हवा) अपेक्षेच्या ५८ टक्के, एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) ५२ टक्के. सहा मिनिटं चालवल्यावर ऑक्सिजन ९५ वरून ८८ वर आला.

थोडक्यात, न्यूमोकोनिओसिस (धूळ साठून होणारा फुप्फुसाचा आजार) आणि तोही डाग एकत्र येऊन गाठ बनण्याच्या टप्प्यातला. साठलेली धूळ औषधाने निघत नाही, आणि खाण सोडल्यावरही हा आजार वाढत राहू शकतो. उपचार म्हणजे इनहेलर, फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लशी, श्वसनाचे व्यायाम, टीबीवर नजर, आणि गरज पडली तर घरी ऑक्सिजन.

कोणते मार्ग होते

मुलाने आधी स्वतःच्या ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्डावर वडिलांचं काही होतं का ते पाहिलं. अवलंबून असलेल्या आईवडिलांना त्यावर उपचार मिळतात, पण त्यांच्या उत्पन्नाला मर्यादा आहे आणि अण्णांचं पेन्शन तिच्या वर जात होतं. भरपाईचा तर प्रश्नच नव्हता. खाणी तेव्हा ईएसआयच्या कक्षेत येतच नव्हत्या. तेव्हा लागू असलेल्या खाण अधिनियम १९५२ च्या कलम ९-अ मध्ये आजारी कामगाराला मालकाच्या खर्चाने उपचार, पर्यायी काम किंवा अपंगत्व भत्ता होता, पण तो सेवेत असलेल्यासाठी.

मानवी हक्क आयोगाचं नाव कुणीतरी सुचवलं. गोध्र्याच्या क्वार्ट्‌झ कारखान्यांत काम करून सिलिकोसिसने मेलेल्या मध्य प्रदेशातल्या २३८ आदिवासी कामगारांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला दिला होता; त्याची सुरुवात आयोगाच्या शिफारशीतून झाली होती. पण तो शेकडो मृत्यूंचा लढा होता. एका जिवंत माणसाच्या दाव्याला तो रस्ता लांबचा.

राहिला तेव्हा लागू असलेला कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम १९२३. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीच्या ‘क’ भागात ऊती कठीण करणाऱ्या खनिज धुळीमुळे होणारे न्यूमोकोनिओसिस होते, आणि पुढे कंसात तीन नावं: सिलिकोसिस, अँथ्राको-सिलिकोसिस (कोळसा आणि सिलिका दोन्हींच्या धुळीचा आजार), अ‍ॅस्बेस्टॉसिस. या कंसाकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे गेलं.

दावा कुठे लावायचा, हा दुसरा प्रश्न. अनेकांना वाटतं की खाण चंद्रपूरकडे, म्हणजे दावाही तिकडेच. तसं नाही. कलम २१ प्रमाणे जिथे अपघात झाला, जिथे कामगार किंवा त्याचे वारस नेहमी राहतात, किंवा जिथे मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या आयुक्तांकडे दावा चालायचा. नाशिकमध्ये हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आयुक्त म्हणून पाहायचे. दर तारखेला नागपूरमार्गे चंद्रपूर गाठणं अण्णांच्या छातीला झेपणारं नव्हतं. नाशिक ठरलं. इथे नेहमी राहतात याचा पुरावा म्हणून शिधापत्रिका, गॅसजोडणी आणि नाशिकच्या शाखेत हलवलेलं पेन्शन खातं जोडलं.

तारीख कोणती धरायची

संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हा होता, आणि तो वैद्यकीय नव्हता. कायदा व्यवसायजन्य आजाराला ‘अपघात’ मानतो. अपघात म्हटला की त्याला दिवस लागतो. त्या दिवसापासून दोन वर्षांत दावा लागतो, आणि त्या दिवशीच्या वयावर आणि वेतनमर्यादेवर रक्कम ठरते. इथे तीन तारखा हाताशी होत्या.

पहिली डिसेंबर २०१६. नोकरीत असताना अण्णांनी धाप लागते म्हणून सलग अकरा दिवस रजा काढली होती. आजारामुळे सलग गैरहजर राहिल्याचा पहिला दिवस हा अपघाताचा दिवस, अशी तरतूद आहे. हा धरला तर मुदत डिसेंबर २०१८ मध्येच संपली.

दुसरी १४ नोव्हेंबर २०१८. कलम १० मध्ये एक परंतुक, म्हणजे मूळ नियमाला जोडलेली पुरवणी तरतूद, होतं जे निवृत्त खाणकामगारांपैकी फार थोड्यांना माहीत असायचं: काम सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत त्या कामाच्या विशिष्ट आजाराची लक्षणं दिसली, तर लक्षणं प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा मानायचा. निवृत्ती ३० जून २०१७ ची, एक्स-रे साडेसोळा महिन्यांनी. बसतं.

तिसरी फेब्रुवारी २०२०, खरं निदान झालं ती.

वकिलांचा ओढा तिसऱ्या तारखेकडे होता आणि त्याला कारण होतं. भरपाईचं सूत्र असं: मासिक वेतनाचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक, गुणिले कमाईच्या क्षमतेतली घट. वेतन कितीही असो, हिशोबात धरायची कमाल मर्यादा ३१ मे २०१० पासून ८,००० रुपये होती आणि ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० झाली. अण्णांचा शेवटचा पगार साठ हजारांच्या वर होता. कायद्याच्या नजरेत तो आठ हजार. डॉक्टरांनी क्षमतेतली घट ६० टक्के लिहून दिली होती. तेव्हा हिशोब असा झाला:

नोव्हेंबर २०१८ धरल्यास वय ६१, गुणक ११३.७७. ८,००० चे ६० टक्के ४,८००, गुणिले ११३.७७ म्हणजे ५,४६,०९६. त्याचे ६० टक्के ३,२७,६५८ रुपये.

फेब्रुवारी २०२० धरल्यास वय ६२, गुणक ११०.१४. १५,००० चे ६० टक्के ९,०००, गुणिले ११०.१४ म्हणजे ९,९१,२६०. त्याचे ६० टक्के ५,९४,७५६ रुपये.

दोन लाख सदुसष्ट हजारांचा फरक. मोह होणारच. पण फेब्रुवारी २०२० ही तारीख निवृत्तीनंतर एकतीस महिन्यांनी येते, म्हणजे परंतुकाच्या दोन वर्षांबाहेर. शिवाय त्यात ‘निदान’ हा शब्द नाही, ‘लक्षणं प्रथम आढळली’ असं आहे, आणि २०१८ चा एक्स-रे तर आपल्याच पुराव्यात जोडायचा होता. तो लपवला तर टीबीची सहा महिन्यांची औषधं कशाची, हे सांगता आलं नसतं. मदत करणाऱ्या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने दुसऱ्या तारखेचा आग्रह धरला आणि तीच ठरली. आमच्या मते हा निर्णय बरोबर होता. मोठ्या रकमेच्या मागे लागून मुदतीवर दावा गमावलेल्या लोकांची संख्या कमी नाही.

कागद

१६ मार्च २०२० रोजी खाणीच्या व्यवस्थापकांना रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, नोटीस गेली. कायदा म्हणतो की नोटिशीत नाव, पत्ता, तारीख आणि इजेचं कारण ‘साध्या भाषेत’ असावं. पहिला मसुदा सात पानी होता. तो बाजूला ठेवून एका पानाची नोटीस लिहिली: कधी लागलो, कोणत्या वर्षांत कोणतं काम केलं, छताला भोकं पाडताना धूळ कशी यायची, कोणता आजार, कधी आढळला. नऊ दिवसांनी देशभर टाळेबंदी लागली. पोचपावतीचं कार्ड जूनमध्ये आलं.

त्याच सुमारास छातीच्या तज्ज्ञांनी खाण सुरक्षा महासंचालनालयाला पत्र पाठवलं. तेव्हाच्या खाण अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे, खाणीत काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला अधिसूचित आजार असल्याचं दिसलं की डॉक्टरने विनाविलंब मुख्य खाण निरीक्षकांना, म्हणजे धनबादला महासंचालकांना, लेखी कळवायचं असायचं. ही जबाबदारी खाणीपासून सातआठशे किलोमीटरवरच्या खासगी डॉक्टरवरही होती. न कळवल्यास दंड किती होता? पन्नास रुपयांपर्यंत. नाशिकमधल्या या डॉक्टरांना तरतूद माहीत नव्हती. कलमाची प्रत दिल्यावर त्यांनी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. पुढे या पत्रामुळे निरीक्षकांनी खाणीकडून कागद मागवले, आणि ‘असा कोणी कामगार आमच्या नोंदीत आजारी नव्हता’ हे उत्तर देणं कंपनीला जड गेलं.

माहिती अधिकारात तीन गोष्टी मागितल्या: फॉर्म बी म्हणजे खाणीतल्या कामगारांच्या रजिस्टरमधली नोंद, दर पाच वर्षांच्या वैद्यकीय तपासणीचे म्हणजे पीएमईचे कागद आणि एक्स-रे फिल्म, आणि धुळीच्या नमुन्यांचे अहवाल. आधी ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला. स्वतःचीच माहिती मागणाऱ्याला तो नकार देता येत नाही, एवढ्या एका मुद्द्यावर पहिलं अपील केलं आणि ऑक्टोबरमध्ये कागद मिळाले.

पीएमई चार होत्या: २००१, २००६, २०११, २०१६. २०११ ची फिल्म ‘उपलब्ध नाही’. २०१६ च्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘दोन्ही वरच्या भागात जुने डाग’. त्याखाली न्यूमोकोनिओसिसच्या वर्गवारीचा छापील रकाना होता. तो कोरा. त्याच्या खाली शिक्का: कामासाठी तंदुरुस्त.

धुळीचे अहवाल वरवर कंपनीच्या बाजूचे दिसत होते. श्वसनयोग्य धूळ घनमीटरला १.८ मिलिग्रॅम, आणि त्या वेळच्या नियमात मर्यादा ३ मिलिग्रॅमची. पण ती मर्यादा धुळीत मोकळी सिलिका पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच. जास्त असेल तर १५ ला सिलिकेच्या टक्केवारीने भागायचं. सिलिका १५ टक्के असेल तर मर्यादा १ मिलिग्रॅम, आणि तोच १.८ चा आकडा जवळपास दुप्पट ठरतो. नमुन्याचं ठिकाण पाहिलं तेव्हा उलगडा झाला. सगळे नमुने कोळशाच्या फेसवर, म्हणजे कोळसा तोडतात त्या जागी, घेतलेले होते. वालुकाश्मात भोकं पाडणाऱ्या टोळीजवळचा एकही नाही.

दावा आणि कंपनीचं म्हणणं

दोन वर्षांची मुदत १४ नोव्हेंबर २०२० ला संपत होती. दावा प्रत्यक्षात जानेवारी २०२१ मध्ये फॉर्म एफमध्ये दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाने कोविडमुळे १५ मार्च २०२० पासूनचा काळ मुदतीतून वगळला होता, त्यामुळे अडलं नाही. तरीही सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडला, कारण पुरेसं कारण असेल तर आयुक्त मुदतीनंतरचा दावाही घेऊ शकतात. दोन दोर असलेले बरे.

एक चूक मात्र झाली. अपघाताच्या ठिकाणाहून वेगळ्या ठिकाणी दावा लावला, तर अपघाताच्या ठिकाणच्या आयुक्तांना आणि संबंधित राज्य शासनाला नोटीस गेल्याशिवाय काम पुढे चालत नाही. ती नोटीस काढायची राहिली. कंपनीने नेमकं तेच दाखवलं आणि त्यात चार महिने गेले.

कंपनीच्या ऑगस्ट २०२१ मधल्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, चार मुद्दे होते. माणूस निवृत्त आहे, मग कमाई बुडाली कुठे? उत्तर: कायदा कमाईच्या क्षमतेबद्दल बोलतो, आणि काम सुटलेल्यांसाठीच तर ते परंतुक आहे. दुसरा मुद्दा धूम्रपानाचा. अण्णा तंबाखू खायचे, बिडी ओढत नसत, आणि बिडीने अशी गाठ बनत नाही. तिसरा मुदतीचा: २०१६ च्या पीएमईतच डाग दिसले होते, म्हणून दावा उशिरा. हा मुद्दा कंपनीवरच उलटला. २०१६ मध्ये आजार माहीत होता म्हणावं, तर मग खाणीने तो कलम २५ खाली कळवला का नाही आणि तंदुरुस्तीचा शिक्का कसा मारला? पुढच्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी तो मुद्दा रेटला नाही.

चौथा मुद्दा खरा बोचरा होता. पहिल्या प्रमाणपत्रात ‘कोल वर्कर्स न्यूमोकोनिओसिस, सीओपीडीसह’ (म्हणजे श्वासमार्ग अरुंद होण्याच्या आजारासह) असं लिहिलं होतं आणि बायोप्सीत फक्त ‘अँथ्राकोसिस’, म्हणजे फुप्फुसात काळा रंगकण साठणं. कंपनीचं म्हणणं: अनुसूचीच्या कंसात ही नावं नाहीत, आणि काळा रंगकण तर चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईच्या फुप्फुसातही सापडतो. मुलाने डॉक्टरांना प्रमाणपत्रातला शब्द बदलून द्यायची विनंती केली. डॉक्टरांनी साफ नकार दिला, आणि तो नकारच पुढे उपयोगी पडला. ते म्हणाले, पुरावा आणा, मग लिहितो. पॅथॉलॉजी विभागात बायोप्सीची काच जपून ठेवलेली होती. ती ध्रुवीकृत प्रकाशाखाली पुन्हा पाहिली. तंतूंच्या भोवऱ्यात मंद चमकणारे कण दिसले, सिलिकेकडे बोट दाखवणारे. फॉर्म बीमधली रूफ बोल्टिंगची वर्षं शेजारी ठेवली. तेव्हा सुधारित अहवाल आणि प्रमाणपत्र आलं: अँथ्राको-सिलिकोसिस. उलटतपासणीत ‘शब्द का बदलला?’ हा प्रश्न आलाच. डॉक्टरांनी काचेचा क्रमांक आणि दुसऱ्या तपासणीची तारीख सांगितली.

वैद्यकीय मंडळ आणि तडजोड

फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने आपल्या न्यूमोकोनिओसिस मंडळासमोर हजर राहायला बोलावलं. नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकाने मोफत तपासणी देऊ केली आणि कामगाराने ती नाकारली, तर त्याचा हक्क तोवर स्थगित होतो. इथे बोलावणं दोन वर्षांनी आलं होतं, त्यामुळे नाकारता आलं असतं. तरी जायचं ठरलं. न जाणारा माणूस न्यायालयात काहीतरी लपवणारा दिसतो. मुलगा सोबत गेला, सगळ्या फिल्मच्या प्रती दिल्या, मूळ एकही दिली नाही आणि दिलेल्याची यादी सही-शिक्क्यानिशी घेतली. मंडळाने आजार मान्य केला, पण घट ३० टक्के धरली.

त्यानंतर महिनाभरात फोन आला: एक लाख रुपये, सहानुभूती म्हणून, आणि स्टॅम्पपेपरवर ‘पुढे कोणताही दावा करणार नाही’ अशी सही. घरात दोन मतं पडली. अण्णा म्हणाले, ‘घेऊन टाक, तारखा बघायला मी राहीन की नाही कुणास ठाऊक.’ सून मात्र अडून बसली. हक्क सोडून देणारा असा करार कलम १७ खाली निरर्थक ठरतो, आणि खरी तडजोड करायची तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. कंपनीला तेवढंच लिहून विचारलं: आयुक्तांसमोर नोंदवायला तयार आहात का? उत्तर आलं नाही.

साक्षीपुराव्याला सव्वा वर्ष लागलं. प्रमाणपत्र नुसतं दाखल करून भागत नाही. डॉक्टरांना पिंजऱ्यात यावं लागतं, आणि व्यस्त डॉक्टर तीन तारखा आले नाहीत. चौथीला त्यांच्या ओपीडीचा दिवस टाळून तारीख मागून घेतली तेव्हा साक्ष झाली.

निकाल

सप्टेंबर २०२३ मध्ये आयुक्तांनी अपघाताची तारीख १४ नोव्हेंबर २०१८ मान्य केली, आजार अँथ्राको-सिलिकोसिस धरला आणि क्षमतेतली घट ५० टक्के ठरवली. रक्कम २,७३,०४८ रुपये. देय झाल्यापासून महिन्याभरात न दिल्याबद्दल त्यावर १२ टक्के सरळ व्याज. दंडाची मागणी मान्य झाली नाही. कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये पैसे आयुक्तांकडे भरले. पाच वर्षांचं व्याज १,६३,८२९, एकूण ४,३६,८७७ रुपये. मालकाला अपिलात जायचं तरी आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. इथे अपील झालं नाही.

त्यातून पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला, इन्व्हर्टर आला, आणि घर दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर हललं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी रक्कम एका न विचारलेल्या प्रश्नात गेली. डॉक्टरांना साक्षीत ‘घट किती टक्के’ एवढंच विचारलं. ‘हा माणूस पुन्हा खाणीतलं काम करू शकेल का?’ हे विचारलंच नाही. प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली डावा हात गमावलेल्या सुताराला पूर्ण अपंग मानलं होतं, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. तोच न्याय इथे मांडून १०० टक्के, म्हणजे ५,४६,०९६ रुपये आणि व्याज, मागता आलं असतं. उलटतपासणीत डॉक्टर ‘बसून करायचं काम करू शकतील’ म्हणाले आणि दार बंद झालं.

एक्स-रेचं वाचन अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडून करून घ्यायला हवं होतं. एकट्या खासगी डॉक्टरचं मत विरुद्ध कंपनीचं मंडळ, अशी जोडी लागली की न्यायालय मधला आकडा काढतं. ६० आणि ३० मधून ५० निघाले.

निवृत्तीच्या महिन्यात छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री स्वतःच्या खर्चाने करून ठेवली असती, तर तारखेचा निम्मा वाद उरला नसता. पीएमईच्या प्रती नोकरीत असतानाच मागाव्यात. नंतर फिल्म ‘उपलब्ध नसतात’. टोळीतल्या दोन सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं घ्यायची राहून गेली, आणि ओल्या-कोरड्या ड्रिलिंगबद्दल अण्णांचा एकट्याचाच शब्द उरला.

अशा नव्या प्रकरणांत कायद्याचं नाव बदललेलं असेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी आले, दोन वर्षांची मुदत राहिली.

फाइल घरात लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात आहे: निकालाची प्रमाणित प्रत, बायोप्सीच्या काचेचा क्रमांक, २०१६ ची पीएमई. मृत्यू याच आजाराने झाला, तर वारसांना स्वतंत्र दाव्यासाठी मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं मिळतात, आणि दाखल्यावर कारण ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच लिहिलं गेलं तर ते पुन्हा शून्यापासून सिद्ध करावं लागतं. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर सुनेने मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. दवाखान्यात कुणीही घेऊन गेलं तरी आधी हे पान दाखवा. व्यवसाय: भूमिगत कोळसा खाण, रूफ बोल्टिंग, १९८३ ते २०१७.